गृहव्यवस्थेची ग्रंथकर्त्री : इझाबेला बीटन

सन १८६१ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडन शहरात एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठे १,११२ होती. त्यात राजेरजवाड्यांच्या लढाया नव्हत्या, की दर्यावर्दी लोकांच्या साहसकथा नव्हत्या. स्वयंपाकघर कसे असावे, बाजारहाट कसा करावा, पाहुण्यांचे आदरातिथ्य कसे करावे, आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, घरातील नोकरांशी कसे वागावे, अशा नित्याच्या गोष्टीच त्यात सांगितल्या होत्या. तरीही त्या ग्रंथाच्या साठ हजार प्रती एका वर्षात खपल्या. पुढे तर तो इंग्लंडमधील असंख्य घरांत जाऊन पोहोचला आणि नव्या संसाराला लागणाऱ्या मुलीला तो भेट म्हणून देण्याची चाल पडली.

हा ग्रंथ वाचणाऱ्या स्त्रिया आपल्या मनाशी त्याच्या लेखिकेचे एक चित्र रेखाटीत. ती कोणी पोक्त, पिकल्या केसांची आणि चाळीस-पन्नास वर्षे संसार केलेली गृहिणी असावी, असे त्यांना वाटे. परंतु वस्तुस्थिती निराळी होती. ग्रंथ पुरा झाला तेव्हा लेखिकेचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. तिचे नाव इझाबेला बीटन.

इझाबेलाचा जन्म १४ मार्च १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. तिच्या वडिलांचे नाव बेंजामिन मेसन. ते कापडाचे व्यापारी होते. इझाबेलाच्या जन्मानंतर हे कुटुंब लंडनच्या व्यापारी वस्तीतील मिल्क स्ट्रीट या रस्त्यावर राहावयास गेले. इझाबेला चार वर्षांची असतानाच तिचे पितृछत्र हरपले. आईच्या पदरी लहान लहान मुले, पाठीमागे राहिलेला व्यापार, आणि त्यातच ती गरोदर. एकटीने हा भार पेलणे तिला अशक्य झाले. यास्तव तिने दोघी थोरल्या मुलींना नातलगांकडे पाठविले. इझाबेला दूर उत्तरेकडील कंबरलंड परगण्यात आपल्या आजोबांकडे काही काळ राहिली आणि मग पुन्हा आईकडे आली.

सन १८४३ मध्ये आईने हेन्‍री डॉर्लिंग या गृहस्थांशी पुनर्विवाह केला. ते विधुर होते व त्यांना चार मुले होती. इकडे इझाबेलासह चार भावंडे होतीच. पुढील वीस वर्षांत या दांपत्याला आणखी तेरा अपत्ये झाली. अशा रीतीने इझाबेला एकवीस भावंडांत सर्वांत वडील ठरली.

डॉर्लिंग हे एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचे व्यवस्थापक होते. मैदानावर प्रेक्षकांसाठी बांधलेली एक विस्तीर्ण इमारत होती. शर्यती नसत तेव्हा ती रिकामी पडलेली असे. घरात इतकी मुले मावेनाशी झाल्यावर त्यांपैकी पुष्कळांना आजीबरोबर त्या इमारतीत ठेवण्यात येई. त्यांची देखभाल करण्याचे काम आजीच्या बरोबरीने इझाबेलाकडे आले. लहानग्यांना न्हाऊ घालणे, त्यांचे कपडे सांभाळणे, कोणी आजारी पडल्यास उशापायथ्याशी बसणे, भांडणे मिटविणे, सर्वांना वेळेवर जेवू घालणे ही कामे ती रोज करी. शर्यतीच्या दिवसांत त्याच इमारतीतील मोठमोठ्या स्वयंपाकघरांतून हजारो लोकांच्या खाण्यापिण्याची सोय होई. तेही तिच्या नजरेसमोर चाले. पुस्तकातून शिकण्यापूर्वीच व्यवस्थेची गरज तिला अशी प्रत्यक्ष कळली.

तिचे शिक्षण मात्र उपेक्षिले गेले नाही. लंडनच्या एका शाळेत थोडे शिक्षण झाल्यावर १८५१ मध्ये तिला जर्मनीतील हायडेलबर्ग या गावी शाळेत पाठविण्यात आले. तेथे तिने फ्रेंच व जर्मन या भाषांत चांगले प्रावीण्य मिळविले. पियानो वाजविण्यात ती निपुण झाली. त्याबरोबरच मैद्याचे नाना प्रकारचे गोड पदार्थ करण्याची कलाही ती तेथे शिकली. १८५४ च्या सुमारास ती एप्समला परतली. तिथल्या एका पाववाल्याकडे जाऊन तिने या कलेचा पुढील अभ्यास केला. सुखवस्तू घरातील मुलीने पाववाल्याकडे शिकावयास जावे, हे त्या काळी चमत्कारिक वाटण्याजोगे होते. परंतु जे शिकावयाचे ते जाणकाराकडून शिकावे, ही तिची वृत्ती होती.

याच सुमारास सॅम्युएल बीटन या तरुण प्रकाशकाशी तिचा परिचय वाढला. त्याचे कुटुंबही मिल्क स्ट्रीटवरच राहत असे आणि दोन्ही कुटुंबांची जुनी ओळख होती. सॅम्युएल मोठा उद्योगी व कल्पक होता. अमेरिकेतील गुलामांच्या दुःखाची कहाणी सांगणारी एक सुप्रसिद्ध कादंबरी त्याने १८५२ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी त्याने मध्यमवर्गातील स्त्रियांसाठी एक स्वस्त मासिक काढले. पुढे मुलांसाठीही एक मासिक सुरू केले. १० जुलै १८५६ रोजी एप्सम येथे इझाबेला व सॅम्युएल यांचा विवाह झाला आणि लंडनजवळील पिनर या गावी त्यांनी आपला संसार थाटला.

बीटनबाईंच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळाकडे थोडे पाहिले पाहिजे. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा व्हिक्टोरिया राणी होती. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्टांहून अधिक वर्षे चालली. वाफेच्या यंत्रांनी देशाचे रूप पालटून टाकले होते. कारखाने वाढले, लोहमार्ग पसरले आणि खेड्यांतील माणसे शहरांकडे धावू लागली. १८५१ च्या शिरगणतीत असे आढळले, की देशातील निम्म्याहून अधिक लोक शहरवासी झाले आहेत. खेड्यात मुलगी आईच्या आणि आजीच्या हाताखाली घरकाम शिके. दूध कोणत्या गाईचे, भाजी कोणत्या मळ्यातली, हे तिला ठाऊक असे. शहरात आलेल्या तरुण जोडप्याजवळ ना आई होती ना आजी. दुकानातील माल खरा की खोटा, याचीही खात्री नसे. पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून काही पाववाले त्यात तुरटी मिसळीत. दुधात पाणी घालणे तर नित्याचेच होते. अन्नातील भेसळीला आळा घालणारा पहिला सर्वसाधारण कायदा इंग्लंडात १८६० मध्ये झाला. त्यापूर्वी गिऱ्हाइकाला स्वतःच्याच डोळ्यांवर विसंबावे लागे.

शहरांची अवस्थाही वाईट होती. लंडनची सारी घाण थेम्स नदीत सोडली जाई आणि अनेकांना तेच पाणी प्यावे लागे. पटकीच्या साथी वारंवार येत. १८५८ च्या उन्हाळ्यात तर नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालणेही कठीण झाले. घरोघरी दगडी कोळशाच्या चुली व शेगड्या असल्याने काजळी आणि राख यांचा मारा सतत चाले. नळ प्रत्येक घरात नव्हता. कपडे धुण्याचे काम एक-दोन दिवस पुरे. ही सर्व कामे उरकण्यासाठी ज्यांची थोडीफार ऐपत असे, ते एखादी मोलकरीण ठेवीत. घरकामाची चाकरी करणाऱ्यांची संख्या त्या देशात तेव्हा सुमारे दहा लाख होती.

व्यापारामुळे व नोकऱ्यांमुळे मध्यमवर्ग झपाट्याने वाढत होता. ज्यांच्या घरी पूर्वी कधी नोकर नव्हता, त्यांच्या घरी आता नोकर आले. ज्यांनी कधी मेजवान्या दिल्या नव्हत्या, त्यांना त्या द्याव्या लागू लागल्या. चारचौघांत आपले काही चुकेल की काय, ही भीती या नव्या गृहिणींच्या मनात सदैव वसत असे. त्यांना विश्वासाने विचारावे असे कोणीतरी हवे होते. ही गरज पुढे इझाबेलाबाईंच्या ग्रंथाने भागविली.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी पतीच्या सांगण्यावरून त्या मासिकात पाककृतींविषयी लिहू लागल्या. त्या वेळी त्या एकवीस वर्षांच्या होत्या. स्वयंपाकावर पुस्तक लिहावे, असा विचार निघाला तेव्हा त्यांनी एका अनुभवी स्नेही बाईंचा सल्ला मागितला. त्या बाईंनी स्पष्ट कळविले, की पाककला ही दीर्घ अनुभवानेच साध्य होते, म्हणून नव्या कृती रचण्याच्या भरीस न पडता उत्तमोत्तम पुस्तकांतील निवडक कृती एकत्र कराव्यात. इझाबेलाबाईंनी हा सल्ला मानला. त्यांनी मासिकाच्या वाचकांनाही आपापल्या घरच्या कृती पाठविण्याचे आवाहन केले. इंग्लंडच्या कानाकोपऱ्यांतून पत्रे येऊ लागली.

मे १८५७ मध्ये त्यांना पहिला पुत्र झाला. त्याचे नाव वडिलांवरून सॅम्युएल असे ठेवले. परंतु तीनच महिन्यांत ते बालक दगावले. तान्ही मुले दगावणे त्या काळी घरोघरचे दुःख होते, तरी म्हणून आईचा शोक कमी होत नसतो. हे दुःख मनात ठेवूनच इझाबेलाबाई कामाला लागल्या.

१८५८ सालच्या हिवाळ्यात गोरगरिबांचे फार हाल झाले. तेव्हा त्यांनी आपल्या घरच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात दर आठवड्यास आठ-नऊ गॅलन, म्हणजे सुमारे ४० लिटर, पौष्टिक सूप शिजविण्यास आरंभ केला. मांस, भाज्या व धान्य घालून केलेले हे गरमागरम सूप त्या गावातील सुमारे बारा कुटुंबांना वाटीत. थंडगार मांसाच्या तुकड्यावर आणि पावावर दिवस काढणाऱ्या त्या लोकांना ते अमृतासारखे वाटले. पुढे त्यांनी ही कृती खर्चाच्या हिशेबासह आपल्या ग्रंथात दिली. त्या एवढ्या मोठ्या ग्रंथात स्वतः इझाबेलाबाईंनी रचलेल्या कृती जवळजवळ नाहीतच. जी आहे ती ही, आणि ती मेजवानीची नसून भुकेलेल्यांसाठी आहे.

नोव्हेंबर १८५९ पासून ग्रंथाचे भाग दरमहा प्रसिद्ध होऊ लागले. प्रत्येक भागाची किंमत तीन पेन्स होती. असे चोवीस भाग निघाल्यावर १८६१ मध्ये ते एकत्र बांधून संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. या कामाला चार वर्षे लागली. एवढे कष्ट पडतील हे अगोदर कळले असते, तर हे काम आरंभण्याचे धैर्यच झाले नसते, अशी प्रांजळ कबुली त्यांनी प्रस्तावनेत दिली आहे. ज्या वाचकांनी कृती पाठविल्या, त्यांचे आभार मानावयासही त्या विसरल्या नाहीत. औषधोपचाराचा भाग त्यांनी एका अनुभवी शस्त्रवैद्याकडून आणि कायद्याचा भाग एका वकिलाकडून लिहवून घेतला. ज्या विषयाचे ज्ञान आपल्याला नाही, तेथे जाणकाराचा आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य त्याच्या मांडणीत होते. जुन्या पुस्तकांतील कृती मोघम असत. मूठभर हे घ्यावे, थोडे ते घालावे, पुरेसे शिजू द्यावे, असे त्यांत लिहिलेले असे. मूठ कोणाची आणि पुरेसे म्हणजे किती, हे नवशिक्या मुलीला कसे कळणार? एलिझा ॲक्टन नावाच्या विदुषीने १८४५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात जिन्नसांची यादी कृतीच्या शेवटी देऊन एक पाऊल पुढे टाकले होते. इझाबेलाबाईंनी ही यादी कृतीच्या आरंभी आणली. कोणता जिन्नस किती वजनाचा घ्यावा, शिजण्यास किती वेळ लागेल, खर्च किती येईल, तो पदार्थ किती माणसांना पुरेल आणि तो कोणत्या महिन्यांत करावा, हे सर्व त्यांनी ठरावीक क्रमाने दिले. कृती करावयास बसण्यापूर्वीच सारी सामग्री जवळ आहे की नाही, हे पाहता यावे, असा त्यात हेतू होता. आज जगातील बहुतेक पाकपुस्तकांत अशी मांडणी आढळते.

घराची मालकीण ही सैन्याच्या सेनापतीसारखी आहे, असे त्या मानीत. सेनापती आळशी असेल तर सैन्यही आळसावते. म्हणून गृहिणीने लवकर उठावे, रोजचा जमाखर्च वहीत टिपावा, त्याचा मेळ नियमाने घालावा, आपल्या मिळकतीबाहेर पाऊल टाकू नये, असे त्यांचे सांगणे असे. स्वच्छता व काटकसर यांवर त्यांचा विशेष भर होता. आजाऱ्याच्या खोलीत मोकळी हवा खेळावी, भांडी निर्मळ असावीत, गोंगाट होऊ नये, असे सांगताना त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शिकवणुकीचा आधार घेतला आहे.

त्या काळच्या शिष्टाचारांचेही या ग्रंथात मनोरंजक दर्शन घडते. सकाळच्या भेटी म्हणून ज्या भेटी प्रसिद्ध होत्या, त्या प्रत्यक्षात दुपारच्या फराळानंतर घ्यावयाच्या असत! अशी भेट पंधरा-वीस मिनिटांत आटोपावी. पाहुणीने गळ्याभोवतीचे वस्त्र काढले तरी चालेल, परंतु शाल व टोपी उतरवू नये, कारण ती फार वेळ बसणार नाही हे त्यावरून दिसावे. आपला लाडका कुत्रा दुसऱ्याच्या दिवाणखान्यात नेऊ नये. न्याहरीच्या वेळी जडजवाहीर घालून बसू नये. मेजवानीत एकेक पदार्थ नोकरांकरवी फिरवून वाढण्याची रशियन पद्धत तेव्हा नवी होती. ती लहान घरांना परवडणारी नाही, कारण तिला नोकर पुष्कळ लागतात, असेही त्यांनी बजावले. ऐपत पाहून पाय पसरावेत, हे आपल्याकडील शहाणपण त्यांच्या ग्रंथातही ठिकठिकाणी दिसते.

नोकरांविषयी त्यांनी जे लिहिले, त्यात विचार आणि सहृदयता दोन्ही आहेत. वार्षिक हजार पौंड मिळकत असलेल्या घराने पाच नोकर ठेवावेत, तर दीडशे-दोनशे पौंड मिळकत असणाऱ्याने एका मोलकरणीवर भागवावे, असा हिशेब त्यांनी मांडला. अशा एकट्या मोलकरणीला वर्षाकाठी नऊ ते चौदा पौंड पगार मिळे. पहाटे उठून खिडक्या उघडणे, राख काढणे, चूल पेटविणे येथपासून रात्री दारे लावण्यापर्यंत सारे घर तिच्या अंगावर पडे. तिचे आयुष्य एकाकी असते आणि तिचे काम कधी संपत नाही, म्हणून ती खरोखर अनुकंपेस पात्र आहे, असे इझाबेलाबाईंनी लिहिले. मालकिणींनी वाचावयाच्या पुस्तकात मोलकरणीच्या श्रमांची अशी जाणीव करून देणे ही लहान गोष्ट नव्हती.

हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रजांनी तिकडील रुची आपल्या देशात नेली होती. तिचेही प्रतिबिंब या ग्रंथात पडले आहे. त्यात धने, हळद, मेथी, मोहरी, सुंठ इत्यादी कुटून करावयाच्या मसाल्याची कृती आहे. बंगालमधील आंब्याच्या चटणीची कृतीही आहे, मात्र तिच्यात कैरीऐवजी कच्ची आंबट सफरचंदे घ्यावयास सांगितली आहेत. ही कृती एका हिंदी माणसाने हिंदुस्थानात पुष्कळ वर्षे राहिलेल्या एका इंग्रज बाईला दिली होती, अशी नोंद तेथे आहे.

हा ग्रंथ निर्दोष होता असे मात्र नव्हे. त्यातील बहुसंख्य कृती इतरांच्या पुस्तकांतून घेतलेल्या होत्या. एलिझा ॲक्टन यांच्या पुस्तकातूनही पुष्कळ मजकूर आला, तथापि त्यांच्या श्रमाचे श्रेय त्यांना दिले गेले नाही. दुसऱ्याचे लेखन अशा रीतीने घेण्याची रूढी तेव्हा होती, हे खरे. परंतु रूढी असली म्हणून उणीव ती उणीवच. भाज्या फार वेळ शिजवाव्यात, अशीही त्यांची समजूत होती. मोठी गाजरे सव्वादोन तासांपर्यंत उकळावीत, असे त्यांनी लिहिले आहे. आज कोणी तसे करील तर गाजरांतील सत्त्व आणि चव दोन्ही नाहीशी होतील. ज्ञान पुढे जाते तसतशी जुन्या ग्रंथांतील विधाने तपासून घ्यावी लागतात. त्यात लेखकाचा अनादर नसतो.

इतरांना गृहव्यवस्था शिकविणाऱ्या इझाबेलाबाई स्वतः घराच्या चार भिंतींत बसून राहिल्या नाहीत. त्या पतीबरोबर रोज आगगाडीने लंडनला कचेरीत जात. त्या गाडीतून कामावर जाणारे बाकी सारे पुरुष असत. सुस्थितीतील विवाहित स्त्री कचेरीत कामास जाते, हे पाहून ते अचंब्यात पडत. १८६० मध्ये पॅरिसला जाऊन त्यांनी कपड्यांच्या नव्या तऱ्हांची रंगीत चित्रे मासिकासाठी मिळविली. कपडे घरी बेतता यावेत म्हणून कागदी नमुने पुरविण्याची व्यवस्थाही केली. मजकूर निवडणे, मुद्रिते तपासणे, छपाईकडे लक्ष देणे यांत त्या पतीच्या खऱ्या भागीदार होत्या. मात्र त्या काळच्या कायद्याने विवाहित स्त्रीच्या कमाईवर तिचा नव्हे, तर पतीचा हक्क असे. आपल्या मिळकतीवर तिला हक्क देणारा पहिला कायदा १८७० मध्ये झाला. तो पाहावयास इझाबेलाबाई हयात नव्हत्या.

१८५९ मध्ये त्यांना दुसरा पुत्र झाला होता. पहिल्या बाळाचेच नाव त्याला ठेवले होते. १८६२ च्या अखेरीस तोही आजारी पडला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, वयाच्या चौथ्या वर्षी, त्याने आईच्या मांडीवरून कायमचा निरोप घेतला. मुलांच्या दुखण्यांवर इतरांना मार्गदर्शन करणाऱ्या ग्रंथाच्या लेखिकेला आपली दोन मुले वाचविता आली नाहीत. साथीचे रोग कशाने होतात हे शास्त्रालाच तेव्हा नीट उमगले नव्हते. बरोबर एक वर्षाने, १८६३ च्या ३१ डिसेंबर रोजी, तिसऱ्या पुत्राचा जन्म झाला आणि घरात पुन्हा हसू उमटले.

जानेवारी १८६५ मध्ये इझाबेलाबाई आपल्या मोठ्या ग्रंथाची एक संक्षिप्त आवृत्ती तयार करीत होत्या. २९ जानेवारीला बाळंतपणाच्या वेणा सुरू झाल्या, त्या दिवशीही त्यांच्यापुढे मुद्रिते होती. त्याच दिवशी चौथ्या पुत्राचा जन्म झाला. बाळ सुखरूप होते, परंतु आईला सूतिकाज्वर झाला. ६ फेब्रुवारी १८६५ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांना एकोणतिसावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे होते. लंडनच्या वेस्ट नॉरवुड दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

सूतिकाज्वर हा त्या शतकात बाळंतिणींचा काळच होता. डॉक्टरांच्या व सुइणींच्या अस्वच्छ हातांवाटे रोगाचे जंतू बाळंतिणीच्या शरीरात शिरत. व्हिएन्ना येथील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते, की औषधी पाण्याने हात धुतल्यास हे मृत्यू टळतात. परंतु त्यांचे म्हणणे मान्य होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. शस्त्रक्रियेतील जंतुनाशनाची लिस्टर यांची पद्धत जगापुढे आली ती १८६७ मध्ये, म्हणजे इझाबेलाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. जन्मभर स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्या या स्त्रीचा बळी स्वच्छतेचे एक महत्त्वाचे तत्त्व त्या काळाला पटले नव्हते म्हणूनच गेला असावा.

पत्नीच्या निधनाने सॅम्युएल खचून गेला. १८६६ मध्ये लंडनमधील एक मोठी पेढी बुडाली आणि त्याचेही फार नुकसान झाले. आपली सर्व प्रकाशने त्याला दुसऱ्या प्रकाशन संस्थेला विकावी लागली व तेथेच पगारी नोकरी पत्करावी लागली. १८७७ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. नव्या प्रकाशकांनी ग्रंथाच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढणे चालू ठेवले. मात्र लेखिका मृत्यू पावल्याचे त्यांनी वाचकांना कळू दिले नाही. नवनव्या आवृत्त्या पाहून लोकांना वाटे, की बीटनबाई अजून हयात असून नव्या कृती लिहीत आहेत. १८६८ पर्यंत ग्रंथाच्या जवळजवळ वीस लाख प्रती खपल्या होत्या. अशा रीतीने खरी तरुण इझाबेला विस्मृतीत गेली आणि तिच्या जागी लोकांच्या कल्पनेतील प्रौढ गृहिणी कितीतरी वर्षे वावरत राहिली.

इझाबेलाबाईंची धाकटी दोन्ही मुले मात्र दीर्घायुषी झाली. चौथा पुत्र मेसन हा पुढे पत्रकार म्हणून नावारूपास आला. ज्या आईला त्याने कधी पाहिले नव्हते, तिचे एक जुने छायाचित्र त्याने १९३२ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयास अर्पण केले. त्या चित्रातील तरुणी पाहून लोकांना नवल वाटले. ज्या आजीबाईची त्यांनी मनात कल्पना केली होती, ती हीच काय, असा प्रश्न त्यांना पडला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कित्येक शिष्टाचार आज हास्यास्पद वाटतात आणि कोळशाच्या चुलीही विझून गेल्या आहेत. परंतु घर चालविणे हे बुद्धीचे काम आहे, त्याला हिशेब, नियोजन आणि सहृदयता लागते, हा विचार इझाबेला बीटन यांनी घरोघरी पोहोचविला. त्या काही नवे शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञ नव्हत्या, की मोठ्या कवयित्री नव्हत्या. विखुरलेले ज्ञान गोळा करावे, ते नीट लावावे, अनुभवी माणसांना विचारावे आणि ज्याला गरज आहे त्याच्या हाती ते सोप्या भाषेत द्यावे, एवढेच त्यांनी केले. अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात, दोन मुलांच्या मृत्यूचे दुःख सोसून, त्यांनी हे काम तडीस नेले. नेटाने आणि पद्धतशीरपणे केलेले साधे कामही पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या उपयोगी पडते, याची साक्ष त्यांचे जीवन देत आहे.